जादा माल

एकच वस्तू दोन ठिकाणी दिसली की स्टोअरकीपर लाल पेन शोधायला लागतो. हे तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही स्टोअरकीपर नाही. मी बस डेपोच्या स्टोअरमध्ये चिकटलो तो तिथूनच निवृत्त झालो. फॅनबेल्ट, वायपर, ब्रेक लायनिंग, खिडक्यांच्या काचा. प्रत्येक वस्तूची मांडणी ठरलेली आणि मांडणीवर दोऱ्याने बांधलेला पत्र्याचा बिल्ला. फॅनबेल्ट फॅनबेल्टच्या मांडणीवर असेल तर तो फॅनबेल्ट. तसाच एक जादाचा कपाटामागे निघाला तर ती चौकशी. जादा माल म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय, ही आमच्या खात्याची शिकवण.

ती मी घरीही आणली. एक साबण चालू असताना दुसरा आणायचा नाही. बल्ब गेल्याशिवाय बल्ब नाही. दाराला पितळी कुलूप, दाबलं की बसणारं, त्याच्या किल्ल्या दोन आणि दोन्ही माझ्या जुडग्यात, कारण किल्ल्या वाटल्या की जबाबदारी वाटली जाते. बायकोने हे सगळं निमूट चालवलं आणि कधी काही अडलं नाही. बल्ब उडालाच तर ती चपला घालायची आणि पाच मिनिटांत कुठूनतरी बल्ब घेऊन यायची. मी ऑफिसात सांगायचो की शिल्लक न ठेवताही घर उत्तम चालतं, आमच्याकडे येऊन बघा.

आता फोटोंकडे येतो.

बायको जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. मुलीचा फोन आला. ती दूर राहते आणि तिला एक छोटी मुलगी आहे, तिला आम्ही चिमणी म्हणतो. चिमणीने आजीला पाहिलं होतं ते पाळण्यातून, म्हणजे न पाहिल्यासारखंच. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात येते आहे. आईचे सगळे फोटो एका ठिकाणी काढून ठेवा. हिला आजी दाखवायची आहे."

मी हो म्हणालो. एका ठिकाणी काढून ठेवणं हे तर माझं आयुष्यभराचं काम. पण फोटो हे खातं बायकोचं होतं. मुलीने डिजिटल कॅमेरा पाठवला तेव्हा मी शिस्तीत माहितीपुस्तिका वाचायला घेतली. माझं सुरक्षेच्या सूचनांचं पान संपेपर्यंत हिने फोटो काढून, कॉम्प्युटरवर चढवूनही टाकले होते. मी पुस्तिका मिटली. घरात दोन फोटोग्राफर म्हणजे तोही जादा मालच. पुढे तिने जुन्या अल्बममधले कागदी फोटोही कॅमेऱ्यात उतरवून घेतले, तेव्हा ते अल्बम मी जादा म्हणून रद्दीत घातले.

वरच्या मजल्यावर विम्याचं काम करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे विमावाले म्हणतात आणि ते मला काका म्हणतात. त्यांचा स्वभाव असा की जिन्यात तुम्ही शिंकलात तर ते थांबून चौकशी करतात, आणि चौकशी संपता संपता सल्ला देतात. त्यांना माझा बेत कळला. ते म्हणाले, फोटो सांभाळायचे तर आधी फोटो काढता यायला हवेत, गाडी न चालवलेल्या माणसाने वाहतूक कशी सांभाळायची. हे मला पटलं. आमच्या खात्यात इंजिनाचं झाकण कधी न उघडलेले साहेब पुष्कळ पाहिले होते.

म्हणून मी कॅमेरा बाहेर काढला. पहिल्या दिवशीच्या फोटोंत माझा अंगठा होता. दुसऱ्या दिवशीच्या फोटोंतही अंगठाच होता, पण तो स्पष्ट आला होता, म्हणजे प्रगती होती. विमावाल्यांनी तो पाहून मान हलवली आणि सांगितलं, "काका, वस्तू बघू नका. प्रकाश बघा."

प्रकाश आमच्याकडे सकाळी जिन्याच्या खिडकीतून येतो आणि समोरच्या दाराशी ठेवलेल्या कुंड्यांवर पडतो. समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना हेडबाई म्हणते. हेडबाई आणि बायको यांचं मेतकूट होतं. माझं आणि त्यांचं नव्हतं, कारण कुंड्यांचं पाणी माझ्या उंबऱ्यापर्यंत यायचं आणि मी ते त्यांना, माझ्या मते सौम्यपणे, दाखवून दिलं होतं. त्या सकाळी ऊन ओल्या पानांवर पडलं होतं, खालच्या ओघळावर पडलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं. मी गुडघे टेकून कॅमेरा ओघळाजवळ नेला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"पुरावा गोळा करताय?" हेडबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही. प्रकाश बघतोय."

हे खरं होतं. पण सत्तरीला आलेला माणूस दुसऱ्याच्या दाराशी रांगत असताना असं म्हणाला, तर ते खरं वाटत नाही.  हेडबाईंनी एकेक करून सगळ्या कुंड्या आत घेतल्या, आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मीही सोडलं. निर्दोष माणसाने खुलासा द्यायचा नसतो, असं माझं मत होतं. शिवाय उंबरा कोरडा झाला होता, तो फायदा नाकारण्यात अर्थ नव्हता.

फोटो काढण्याचं शिक्षण इथे संपलं आणि मी मोजदादीला बसलो. तिथे मला जे दिसलं त्याने माझी झोपच उडायची बाकी राहिली. बायकोचा एकेक फोटो चार ठिकाणी होता. कॅमेऱ्याच्या कार्डात, तिच्या फोनमध्ये, कॉम्प्युटरवर, आणि शिवाय मुलीने तिला उघडून दिलेलं इंटरनेटवरचं एक खातं होतं, त्यात फोटो आपोआप जाऊन पडत होते. म्हणजे एक गोदाम आम्ही न पाहिलेल्या जागी, आणि त्यात माल कुणी न सांगता जमा होतोय. आमच्या खात्यात एवढ्यावर माणूस घरी बसला असता.

जावयाला फोन केला. जावई माझ्याशी नेहमी काचेचं सामान उचलल्यासारखा बोलतो. तो म्हणाला, "बाबा, ते तसंच असतं. असू द्या. उलट तीन-चार ठिकाणी असलेलं चांगलं." विमावाल्यांनीही तेच सांगितलं, पण त्यांच्याकडून दुसरं काय येणार, ते विम्याचे. मी दोघांनाही हो म्हणालो आणि बाजारातून एक काळी डबी आणली. तिला हार्ड डिस्क म्हणतात. साबणाच्या वडीएवढी, पण सगळं आयुष्य मावतं म्हणे. ठरलं. एक माल, एक मांडणी.

मग मी मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून इतकी झकास दुपार गेली नव्हती. फोटोंचे कप्पे केले. माणसे, उभी. माणसे, बसलेली. माणसे, डोळे मिटलेली. या कप्प्यात बहुतेक मीच होतो. कॉम्प्युटरवर चेहरे ओळखणारी एक सोय निघाली, तिने मला आणि माझ्या मेहुण्याला एकच माणूस ठरवलं. मेहुण्याशी माझं अनेक वर्षांत जमलेलं नाही आणि त्याचं नाक तर पाहा. मी ते दुरुस्त केलं. बायकोला मात्र त्या यंत्राने तीन वेगळ्या बायका धरलं होतं. एक चष्म्याआधीची, एक चष्म्यानंतरची, आणि एक शेवटची, केस गेलेली. त्याने मला विचारलं, या तिघी एकच व्यक्ती आहेत का? मी हो दाबलं. त्याने आभार मानले. मी उठून चहा करून घेतला आणि मग परत बसलो.

एक कप्पा मात्र मी केला नाही, तो सरळ भंगारात काढला. कुलपाचे फोटो. आमच्या दाराच्या कुलपाचे, ढिगाने. त्याचं असं की आम्ही दोघं बाहेर पडलो आणि रस्त्याच्या वळणावर आलो की मी विचारायचो, कुलूप लावलं होतं का? आणि परत जाऊन पाहून यायचो. पुढे हिने फोन काढून कुलपाचा फोटो घ्यायला सुरुवात केली. वळणावर मी तोंड उघडलं की ती फोन माझ्यासमोर धरायची. फोटोत कुलूप, आणि ते ओढून पाहणारी तिची बोटं. मी बघायचो आणि पुढे चालायला लागायचो. तर असे ते फोटो. काम झालेला माल. मी सगळे उडवले.

मग बाकीचे फोटो काळ्या डबीत नेले, आणि चारही ठिकाणची शिल्लक शून्यावर आणली. कार्ड पुसलं. फोन पुसला. कॉम्प्युटर पुसला. उडवलेले फोटो एका केराच्या टोपलीत जाऊन बसतात असं दिसलं, तीही रिकामी केली, भंगार साठवायचं नसतं. इंटरनेटवरचं खातं पुसलं आणि रिकामं गोदाम कशाला उघडं ठेवायचं म्हणून बंदही केलं. बायकोचा फोन नंबर नुसताच पडून होता, तोही त्याच झपाट्यात कंपनीत जाऊन परत केला. शेवटी काळ्या डबीला दोऱ्याने एक पत्र्याचा बिल्ला बांधला. बिल्ल्यावर एवढंच लिहिलं: फोटो. कोणाचे, ते लिहायची गरज नव्हती.

डबी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. विमावाले पाहायला आले. मी त्यांना दाखवायला डबी खाली काढली, टेबलावर ठेवली, बिल्ल्याचं महत्त्व समजावून सांगितलं आणि चहा टाकायला उठलो. बिल्ल्याचा दोरा माझ्या सदऱ्याच्या बटणात अडकला होता. मी स्वयंपाकघराकडे निघालो तशी डबी माझ्यामागून निघाली. टेबलाच्या कडेपर्यंत ती व्यवस्थित आली.

फरशीवर पडल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. विमावाल्यांनी ती उचलून दिली. कॉम्प्युटरला जोडली तर आतून टक, टक, टक असा आवाज यायला लागला, आणि पडद्यावर काहीच आलं नाही.  विमावाले कधी नव्हे ते सल्ला न देता उठून गेले, यावरून काय झालंय ते मला कळलं.

दुरुस्तीवाल्याने डबी कानाला लावली, डॉक्टर छातीला नळी लावतो तशी. मग विचारलं, "दुसरी कॉपी कुठे आहे?" मी सांगितलं, नाही. तो म्हणाला, "म्हणजे घरी राहिली का?" मी सांगितलं की घरीही नाही, कुठेच नाही, मुद्दाम ठेवली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. डबी उघडायला दुसऱ्या शहरात पाठवावी लागेल, वेळ लागेल आणि हाती काय येईल ते सांगता येत नाही, असं म्हणाला. मी डबी ठेवून आलो. बिल्ला तेवढा सोडून घेतला.

जावयाला फोन करून, मुलीला न सांगण्याच्या बोलीवर, सगळं सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, चारही ठिकाणांहून? मग तो म्हणाला की बंद केलेलं खातं काही दिवस पुन्हा उघडता येतं, अजून आशा आहे. मी उघडायला गेलो. खात्याने आधी मला मी यंत्र नसल्याचं सिद्ध करायला लावलं. चित्रांतले सगळे दिवे ओळखा म्हणाले. मी ओळखले. सगळ्या बसेस ओळखा म्हणाले. त्या तर मी मागून पाहून ओळखतो. मग म्हणाले, तुमच्या नंबरवर आकडे पाठवलेत ते टाका. नंबर बायकोचा. तो मी परत केलेला.

फोन कंपनीच्या कार्यालयात खिडकीमागच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, खातेदारांना स्वतः घेऊन या.

"त्या येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत का?"

"होत्या."

"मग आता आणा की."

मी सांगितलं, त्या वारल्या. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाला की अशा वेळी नंबर दुसऱ्याच्या नावावर करता येतो, पण त्याला मूळ खातेदाराची संमती लागते. बोलून झाल्यावर त्यालाही ते कसंसं वाटलं असावं, कारण तो टेबलावरचा टाचण्यांचा डबा सरळ करायला लागला. मला त्याच्यावर रागावता येईना. मीही आयुष्य खिडकीच्या त्याच बाजूला काढलं होतं. असलीच उत्तरं मी ड्रायव्हर लोकांना दिली होती, आणि मला ती फार नेमकी वाटायची.

मुलीचा फोन आला. तिकिटं काढली म्हणाली, रविवारी पोचते. मग म्हणाली, "बाबा, फोटो झाले ना?"

मी म्हणालो, "एका ठिकाणी केले."

हे खोटं नव्हतं. ते ठिकाण दुसऱ्या शहरात होतं आणि टक टक करत होतं, एवढं सांगायचं राहिलं. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. चिमणी येणार आणि विचारणार, आजी कशी होती. चष्मा होता, मी सांगणार. मग? मी बराच वेळ आठवून पाहिलं. चष्म्याची काडी डावीकडे थोडी वाकडी होती. एवढ्यावर लहान मुलाला आजी कशी दिसणार. वर्षभर मी बरा निभावलो होतो. स्वयंपाक शिकलो, कपड्यांच्या घड्या शिकलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही गेली, आणि यावेळी मीच तिला घालवली.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. हेडबाई उभ्या होत्या. विमावाल्यांनी जिन्यातल्या जिन्यात सगळ्या बिल्डिंगला माझी बातमी पुरवली होती, हे त्यांच्या तोंडावरूनच कळलं. त्यांनी आधी हिशेब मिटवला. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही खरंच प्रकाश बघत होता का?"

मी म्हणालो, "हो."

"कसा आला फोटो?"

"अंगठा आला."

त्यांनी मान डोलावली, शाळेत उशिरा आलेल्या मुलाचं कारण मान्य करावं तशी. मग म्हणाल्या, "भाऊजी, जरा समोर या. तुमचं काही सामान आहे माझ्याकडे."

मी म्हणालो, माझं काही सामान कुणाकडे नाही. मी कुणाकडे काही ठेवत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही ठेवत." आणि चालू लागल्या. मी मागे गेलो.

त्यांच्या आतल्या खोलीत एक कपाट होतं. त्यांनी खालचा खण उघडला. मी आयुष्यात फार मांडण्या पाहिल्या, पण अशी नीटस मांडणी माझ्या स्टोअरमध्येही नव्हती. बल्ब, कागदात गुंडाळलेले. साबण. नळाचे वॉशर. टॉर्चचे सेल. एक छत्री. माझ्या चष्म्याच्या जुन्या नंबरची एक जादा जोडी. माझ्या सदऱ्यांची बटणं एका बाटलीत. एक अख्खी नवीन इस्त्री, खोक्यातली.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"तुमचं घर," हेडबाई म्हणाल्या. "शिल्लक न ठेवता उत्तम चालणारं."

मी तिथल्या खाटेवर बसलो. बल्ब उडाला की ही चपला घालून कुठे जायची, ते आता दिसत होतं. पाच मिनिटंसुद्धा लागत नव्हती तर. उरलेला वेळ दोघी हसत असणार. आयुष्यभर मी ज्या पद्धतीचे गोडवे गायले ती पद्धत माझ्या दारापासून चार पावलांवर, एका कपाटाच्या खणात, माझ्याच नियमांच्या विरोधात चालू होती. चौकशी लावायची तर कुणावर लावायची? एक आरोपी हयात नव्हती आणि दुसरी मला पाणी आणून देत होती.

"ती म्हणायची," हेडबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना जादा काही खपत नाही, दिसलं की टाकून देतात. म्हणून इथे ठेवते."

"पण ती गेल्यावर तरी सांगायचं होतं."

"ह्यांना कळू देऊ नका, असं म्हणाली होती. कधीपर्यंत, ते म्हणाली नव्हती. मी वाट बघत होते की तुमचं काहीतरी अडेल आणि तुम्ही याल. तुम्ही आलात ते कॅमेरा घेऊन, माझ्या कुंड्यांवर." मग त्यांनी साबणांच्या मागून एक रिकामी साबणदाणी काढली. "विमावाले म्हणाले, फोटो गेले. म्हणून शोधलं. मला यातलं कळत नाही. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी ती हे आत ठेवून गेली. म्हणाली, यात सगळं आहे, जपून."

साबणदाणीत एक पेन ड्राइव्ह होता. बोटाच्या पेराएवढा. मी तो मुठीत धरला आणि उठलो. हेडबाईंचे आभार मानायचे राहिले, ते लक्षात आलं तेव्हा मी माझ्या कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. पेन ड्राइव्ह भोकात आधी उलटा घातला, मग सुलटा घातला, तोही उलटा निघाला. शेवटी बसला.

सगळे होते. कप्पे नाहीत, काही नाही, हिने जसे आले तसे ओतले होते. उभी माणसं, बसलेली माणसं, डोळे मिटलेला मी. मेहुणा, नाकासकट. चष्म्याआधीची ही, चष्म्यानंतरची ही, आणि शेवटची, डोक्याला रुमाल बांधून खिडकीत बसलेली, मी काहीतरी चुकीचं बटण दाबत असताना मला हसणारी. आणि कुलूप. ढिगाने. तिने तेही ठेवलं होतं. माझ्या मते भंगार, तिच्या मते माल.

 दुपारी मुलीला फोन करून आपण होऊन सांगितलं की फोटो आहेत, आणि आता दोन ठिकाणी ठेवणार आहे. ती म्हणाली, "बाबा, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत इतकी बरी होती की मला थांबवेना. पेन ड्राइव्हमधला एक फोटो मी तारेने माझ्या फोनमध्ये घेतला. हा माझ्या आयुष्यातला पहिला जाणूनबुजून केलेला जादा माल. हिच्या चेहऱ्याचा कुठला घ्यावा ते ठरेना, कुठल्याचकडे फार वेळ बघवेना, म्हणून कुलपाचा घेतला. मग दुसरा पेन ड्राइव्ह आणायला, जमल्यास तिसराही, तसाच चपला अडकवून निघालो.

रस्त्याच्या वळणावर आलो आणि नेहमीची कळ आली. कुलूप लावलं होतं का? आठवेना. दार ओढल्याचं आठवत होतं, पुढचं कोरं. वर्षभर मी अशा वेळी परत जात होतो, कधी दोनदा जात होतो. यावेळी मी फोन काढला. फोटोत कुलूप बंद होतं. हिच्या बोटांनी ते ओढून पाहिलं होतं. फोटो जुना आहे, हे मला दिसत होतं. डोकं शाबूत होतं माझं. तरी मी तो नीट बघितला, फोन खिशात टाकला आणि पुढे चालायला लागलो. आणि सांगतो, दुकानापर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

परत आलो तर आमच्या दोन दारांच्या मधोमध खुर्ची टाकून हेडबाई बसल्या होत्या. कुंड्या बाहेर आल्या होत्या. ओघळ माझ्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता. माझ्या दाराला कुलूप होतं.

"उघडंच लटकत होतं," हेडबाई म्हणाल्या. "कडीला अडकवलेलं, दाबलेलं नाही. मी दाबलं, आणि म्हटलं, येईपर्यंत बसावं."

मी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात घातला. जुडगा कॉम्प्युटरशेजारी राहिला होता, हे मला तिसऱ्यांदा तोच खिसा चाचपताना आठवलं. किल्ल्या दोन आणि दोन्ही जुडग्यात. जुडगा आत, मी बाहेर, आणि मधे ते कुलूप, फोटोतल्यासारखंच घट्ट बंद.

हेडबाई उठल्या, आत गेल्या आणि एक किल्ली घेऊन आल्या. पितळी, झिजून गुळगुळीत झालेली. वर्षानुवर्षं वापरलेली. मी डेपोत असताना ही बाजारात जायची, बँकेत जायची, मुलीला शाळेतून आणायची आणि मी यायच्या आत घरी असायची. दार कसं उघडायची, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

कुलूप उघडलं. मी किल्ली परत त्यांच्यापुढे धरली.

"आता ठेवा तुमच्याचकडे," त्या म्हणाल्या. "दोन आणि ही तिसरी."

"नको," मी म्हणालो. "ती त्या खणातच असू दे. साबणाच्या मागे."